कंगव्यांच्या कारखान्यातले स्पिटफायर

१९४७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये सर्वाधिक कंगवे बनवणारी कंपनी म्हणून एअरफिक्सचे नाव घेतले जाई. निकोलस कोव्ह या हंगेरियन ज्यू निर्वासिताने १९३९ मध्ये लंडनला ही कंपनी काढली होती, ती हवा भरलेली रबरी खेळणी विकण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली. युद्ध संपल्यावर कोव्ह यांनी वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरणारे इंजेक्शन मोल्डिंग मशीन आणले. ब्रिटनमध्ये तेव्हा अशी यंत्रे मोजकीच होती. त्यातून कंगवे निघू लागले आणि कंपनी तगली. प्लास्टिकची विमाने जोडण्याचा छंद जगभरच्या मुलांच्या हाती पोहोचला, त्यात या कंगव्यांच्या यंत्राचा वाटा फार मोठा आहे.

१९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टर कंपनीला आपल्या विक्रेत्यांसाठी ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती हवी होती. एअरफिक्सने ती करून दिली, पण सुटे भाग जोडण्यात कामगारांचा बराच वेळ जाई. मग तेच भाग न जोडता लोकांना विकायचे ठरले, म्हणजे जोडणीचे काम गिऱ्हाइकाकडे गेले आणि किंमत उतरली. पुढे वूलवर्थ या दुकानसाखळीच्या सूचनेवरून 'गोल्डन हाइंड' हे ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीचे जहाज आले. प्लास्टिकची साधी पिशवी, वर घडी घातलेला छापील कागद, त्यातच जोडणीच्या सूचना, आणि किंमत दोन शिलिंग. पौंडाचा दहावा हिस्सा! शाळकरी मुलाला खाऊचे पैसे साठवून घेता येईल अशी ही किंमत होती.

जहाज खपल्यावर पुढची पायरी विमानाची होती. कोव्ह यांना तिच्याबद्दल खात्री नव्हती. राल्फ एहरमन आणि जॉन ग्रे या सहकाऱ्यांनी ती कल्पना लावून धरली. मग युद्धात गाजलेल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे एअरफिक्सचे मॉडेल बाजारात आले. ते अरोरा या अमेरिकी कंपनीच्या स्पिटफायरवरून आकार लहान करून उतरवलेले होते, आणि कुशीवरची 'बीटीके' ही अक्षरेसुद्धा तिथूनच उचललेली होती. जाणकारांना ते मॉडेल बेढब वाटते आणि ते खरेच आहे. पण त्याने एक मोठे काम केले. युद्ध पाहिलेल्या पिढीच्या मुलांना ते विमान, ज्याच्या गोष्टी ते घरी ऐकत होते, दोन शिलिंगांत स्वतःच्या हाताने उभे करता आले.

त्याआधी विमानाचे मॉडेल करणे हे सुताराचे काम होते. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये 'स्कायबर्ड्स' नावाची लाकडी किट मिळत. ओबडधोबड कापलेला लाकडाचा ठोकळा, पंखांसाठी पट्ट्या आणि थोडे धातूचे भाग. बाकी सारे चाकू, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन ज्याचे त्याने करायचे. ही किट एकास बहात्तर प्रमाणात होती, म्हणजे एक इंच बरोबर सहा फूट. सहा फुटी वैमानिक मॉडेलमध्ये बरोबर एक इंचाचा होतो. इंच-फुटाच्या हिशेबात सोयीचे म्हणून निवडलेले हे प्रमाण आज, मिलिमीटरच्या जमान्यातही, विमानांच्या मॉडेलचे सर्वांत रुळलेले प्रमाण आहे.

१९३६ मध्ये लंडनजवळच्या मर्टनच्या इंटरनॅशनल मॉडेल एअरक्राफ्ट या कंपनीने, 'फ्रॉग' या छापाखाली, 'पेंग्विन' नावाची मालिका आणली. कंपनीची आधीची विमाने रबराच्या ताकदीवर खरोखर उडत. ही नुसती मांडून ठेवायची होती, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव. ग्लॉस्टर ग्लॅडिएटर, हॉकर फ्युरी आणि ब्लॅकबर्न शार्क ही पहिली तीन विमाने. प्लास्टिकच्या जोडणी-विमानांची सुरुवात साधारणपणे याच मालिकेपासून धरली जाते. त्यांचे प्लास्टिक मात्र सेल्युलोज ॲसिटेटचे होते, आणि ते काळाबरोबर वाकते. आज संग्राहकांकडे जी मोजकी पेंग्विन उरली आहेत, त्यांतल्या अनेकांचे पंख पिळलेले दिसतात.

मग युद्ध आले आणि खेळण्याचे हत्यार झाले. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे तोफेवरच्या जवानाला क्षणात ओळखता यायला हवे होते. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने देशभरच्या शाळांतल्या मुलांना लाकडी विमाने कोरायला सांगितले. उद्दिष्ट होते पाच लाख मॉडेलचे, आणि प्रमाण तेच, एकास बहात्तर. अशा काळ्या रंगाच्या मॉडेलकडे ३५ फुटांवरून पाहिले की जवळजवळ अर्ध्या मैलावरचे खरे विमान दिसते. पुढे शिकागोच्या क्रुव्हर कंपनीने हीच ओळख-मॉडेल प्लास्टिकमध्ये मोठ्या संख्येने ओतली, आणि ब्रिटनमध्ये फ्रॉगच्या कारखान्यातही तेच काम झाले. युद्ध संपले तेव्हा साचे बनवणारे कारागीर तयार होते. विमानांचे आकार पाठ असलेली तरुण पिढीही तयार होती. फक्त न वाकणारे स्वस्त प्लास्टिक हवे होते. ते पॉलिस्टायरिनच्या रूपाने मिळाले.

आज जो पहिल्यांदा किट उघडतो, त्याला हा इतिहास पुस्तकात वाचण्याची गरज नाही. तो त्याच्या हातात असतो.

सगळे भाग एका प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात. ही चौकट म्हणजे साच्यातल्या नाल्या. वितळलेले पॉलिस्टायरिन त्यांतून प्रत्येक भागापर्यंत वाहत गेले आणि तिथेच थिजले. पोलादी साचा दोन पाकळ्यांचा असतो, मोदकाच्या साच्यासारखा, आणि उघडताना भाग सहज सुटायला हवा. म्हणूनच विमानाचे धड उभे चिरून डावी-उजवी बाजू अशी येते. स्पिटफायरच्या बऱ्याच किटमध्ये पंखांचा खालचा भाग अखंड असतो आणि वरचे दोन वेगळे. पंख किती वर उचललेले असावेत हा कोन त्या खालच्या अखंड तुकड्यातच बांधलेला असतो, त्यामुळे नवख्याच्या हातूनही तो सहसा चुकत नाही. साचा बनवणाऱ्या कारागिराने शिकाऊ हातासाठी घेतलेली ही काळजी आहे, आणि डब्यावर तिचा कुठे उल्लेख नसतो.

भागांवर गोल, चकतीसारख्या खुणा दिसतात. भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे ते ठसे. जाड जागी बारीक खळगा असतो, कारण तिथले प्लास्टिक उशिरा थंड झाले आणि आकसले. कडेला कागदासारखा पातळ पापुद्रा आला असेल तर साचा जुना आहे. त्याच्या पाकळ्या आता घट्ट मिटत नाहीत आणि फटीतून प्लास्टिक झिरपते. भागांवर कधीकधी साच्याला लावलेल्या तेलकट द्रव्याचा थर उरतो, त्यावर रंग धरत नाही. म्हणून अनुभवी माणसे आधी चौकटी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवतात.

मग कापणे. भाग हाताने पिरगाळून तोडला तर त्याचा लचका निघतो; कटरने थोडे अंतर ठेवून तोडावा आणि उरलेले बोंड ब्लेडने सोलावे. गोंद लावण्याआधी भाग नुसते एकमेकांना लावून पाहावेत. घाई असते ती नेमकी इथेच, आणि नवख्यांचे बहुतेक नुकसान इथेच होते: कॉकपिटची फरशी अर्धा मिलिमीटर वर राहिली की धडाचे दोन भाग मिटत नाहीत. पॉलिस्टायरिनचा गोंद खरे तर चिकटवत नाही, तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकजीव होतात. त्यामुळे तो थोडा पुरतो. जास्त लावला तर बोटाचा ठसा कायमचा पंखावर उमटतो. कॉकपिटच्या पारदर्शक काचेला मात्र हा गोंद लावू नये, ती धुरकटते. तिथे आपले पांढरे फेविकॉल उत्तम.

अमेरिकेत १९६०च्या दशकात मुले पॉलिस्टायरिनचा गोंद हुंगू लागल्याने मोठी चिंता पसरली. १९६९ मध्ये टेस्टर्स कंपनीने आपल्या गोंदात मोहरीच्या तेलातला झणझणीत घटक घातला, म्हणजे नाकाशी नेताच डोळ्यांत पाणी यावे.

धडाचे दोन भाग जुळले तरी पाठीवरून आणि पोटाखालून सांध्याची रेघ राहतेच. खऱ्या विमानावर ती नसते. तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळू द्यायची, मग पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासायची, नख फिरवून पाहायचे, लागत असेल तर पुन्हा भरायची. एकास बहात्तरच्या मॉडेलवर एक मिलिमीटरची पायरी म्हणजे खऱ्या विमानावर ७ सेंटिमीटरहून मोठी पायरी. असे विमान कोणताही मेकॅनिक हँगरबाहेर जाऊ देणार नाही. सांधा पुसण्याचे हे काम कंटाळवाणे म्हणून टाळले जाते. पण मॉडेल खेळण्यासारखे दिसते की विमानासारखे, हे इतर कशाहीपेक्षा या कामावर ठरते.

१९५०च्या दशकातल्या मुलांना यातले काही सांगायला कोणी नव्हते. पिशवीवरच्या कागदावर भाग कुठे लावायचे एवढेच असे. गोंद लावायचा, संध्याकाळपर्यंत विमान उभे करायचे, दोऱ्याने छताला टांगायचे. रंगकामाचे वळण हळूहळू लागले. हल शहरातल्या हंबर ऑइल या कंपनीने, जी १९१९ मध्ये सायकलच्या दिव्यांसाठी तेल विकत होती, 'हंब्रॉल' नावाचे इनॅमल रंग लहानशा डब्यांत आणले. १९६० मध्ये 'एअरफिक्स मॅगझिन' सुरू झाले आणि एका किटमधून वेगळ्याच प्रकारचे विमान कसे काढावे, नाक कुठे कापावे, शेपूट कशी वाढवावी, असे लेख त्यात येऊ लागले. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी स्थापन झाली. मुलांचे खेळणे मोठ्यांच्या कारागिरीत शिरले ते या दोन-तीन वर्षांत. वादही आले: अमुक तुकडीचा हिरवा कोणता, पोटाखालचा निळा किती फिका.

रंगाचे तंत्र घरच्या रंगाऱ्याला ठाऊक असते तेच. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत, फिका रंग आधी आणि गडद नंतर. पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हे, म्हणजे डिकॅल, मॅट रंगावर लावली तर खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक येते. म्हणून आधी चकचकीत वॉर्निशचा हात, मग चिन्हे, आणि शेवटी सगळ्यावर मॅट वॉर्निश.

नवख्याची ही मेहनत कमी करण्याचे प्रयत्नही झाले. मॅचबॉक्स कंपनीने १९७३ मध्ये विमानाचे भाग दोन-तीन रंगांच्या प्लास्टिकमध्येच ओतून विकले, रंग न लावताही विमान बरे दिसे. जपानमधल्या शिझुओका शहराने दुसरी वाट धरली. तिथले तामिया हे मुळात लाकडाचे व्यापारी. १९५१ च्या आगीत त्यांचे लाकूड जळाले आणि ते मॉडेलकडे वळले. १९६० मधले त्यांचे पहिले प्लास्टिक मॉडेल, 'यामातो' युद्धनौका, तोट्यात गेले, पण पँथर रणगाड्याने त्यांना सावरले. पुढे साच्याच्या काटेकोरपणात या शहराने सगळ्यांना मागे टाकले. तिथले चांगले किट नवख्याच्या हाती दिले तर लांबीची डबी क्वचितच उघडावी लागते. पहिल्या किटवर चार पैसे जास्त गेले तरी जुना झिजलेला साचा टाळावा, असे म्हणण्याचे कारण हेच.

कारण साचे फार जगतात. पोलादाचा साचा बनवणे अतिशय खर्चाचे, त्यामुळे कंपन्या बुडाल्या तरी साचे विकले जातात. १९७०च्या दशकात फ्रॉगचा व्यवसाय संपला तेव्हा त्याचे बरेच साचे सोव्हिएत संघात गेले आणि 'नोवो' नावाने तीच विमाने पुन्हा निघाली. जर्मनी-जपानच्या विमानांचे साचे मात्र त्यांतून वगळले गेले. एअरफिक्स १९८१ मध्ये दिवाळखोरीत निघाली, हात बदलत १९८६ मध्ये हंब्रॉलकडे आली, आणि २००६ मध्ये हंब्रॉलही कोसळल्यावर दोन्ही नावे हॉर्नबी कंपनीने घेतली. फ्रान्समध्ये अडकलेले एअरफिक्सचे साचे सोडवून आणावे लागले.

त्यानंतर या कहाणीत भारत आला. २०१० च्या सुमारास निघालेल्या एअरफिक्सच्या अनेक नव्या किटच्या डब्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेले होते. एकास बहात्तरची स्पिटफायर आपल्या देशातल्या यंत्रांतून निघून इंग्लंडच्या दुकानांत गेली.

भारतीय हवाई दलाचे विमान करू पाहणाऱ्याला मात्र अजूनही शोधाशोध करावी लागते. तिरंगी चक्राची चिन्हे अनेकदा किटबरोबर येत नाहीत, वेगळी मागवावी लागतात. नाशिकजवळच्या ओझरला बनलेले मिग-२१ करायचे तर एफएल प्रकार की बिस हे आधी ठरवावे लागते. बिसच्या पाठीवरचा कणा जाड आहे, आणि चुकीचा डबा घेतला तर तो कणा कानसेने बारीक होत नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत नाव कमावलेले नॅट तर आणखी फसवे. एअरफिक्सचे नॅट स्वस्त आणि सोपे आहे, पण ते ब्रिटनच्या रेड ॲरोज पथकाचे एकेकाळचे दोन आसनांचे प्रशिक्षण विमान आहे. त्याचे पंखही मोठे आहेत. आपले लढाऊ नॅट एका आसनाचे. ते आणि त्यावरूनच बंगळुरूला बनलेले अजीत आता स्पेशल हॉबी या चेक कंपनीच्या एकास बहात्तरच्या किटमध्ये मिळतात. असे किट अनेकदा मोजक्या प्रती काढणाऱ्या साच्यातले असते, भागांना जुळवणीच्या खुंट्या असतीलच असे नाही, आणि नाकात वजन भरले नाही तर तीन चाकांचे हे विमान शेपटीवर बसते. म्हणून सुरुवात स्पिटफायरपासून करावी, आणि दोन-तीन विमानांचे सांधे पुसून हात बसला की नॅट घ्यावे.