कोरलेले साल खरे की खोटे? जुन्या बॅगपाइपचा अभ्यास कसा होतो

बॅगपाइपमध्ये हवा चामड्याच्या पिशवीत साठते. ‘चँटर’ या छिद्रांच्या नळीवर धून वाजते, तर ‘ड्रोन’ नावाच्या नळ्या एकच सूर अखंड धरून ठेवतात.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहातील एका बॅगपाइपवर १४०९ हे साल कोरलेले आहे. एडिंबरोतील ग्लेन या वाद्यनिर्मात्या घराण्याकडे तो होता. एकेकाळी त्याचा मोठा बोलबाला होता, पण अभ्यासक आज ते साल खरे मानत नाहीत.

कारण साल नंतरही कोरता येते. शिवाय पिशवी आणि पत्त्या लवकर खराब होतात, नळ्याही बदलल्या जातात. त्यामुळे एकाच वाद्यात वेगवेगळ्या काळांचे भाग सापडतात.

म्हणून अभ्यासक प्रत्येक भाग वेगळा तपासतात: लाकूड कोणते, खरादकाम कसे, कारागिराचा शिक्का आहे का, नळीचा आतला व्यास किती, वाद्य कोणाकडून आले.

मग वाजवून का पाहत नाहीत? श्वासातील ओलाव्याने जुने, कोरडे लाकूड तडकू शकते. त्याऐवजी मापे घेऊन प्रतिकृती बनवतात आणि ती वाजवतात.

असे संग्रह हौशी लोकांमुळेही टिकले. इंग्लंडमधील मॉरपेथचे बॅगपाइप संग्रहालय डब्ल्यू. ए. कॉक्स या घड्याळजींच्या संग्रहावर उभे आहे. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने १९६० मध्ये अँथनी बेन्स यांचा बॅगपाइपवरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

थोडक्यात, वाद्यावरचे साल हा पुरावा नव्हे, तो तपासायचा दावा असतो.