दृष्टिपटल आणि मूळ पेशी

मासे आणि बेडूक यांचे दृष्टिपटल इजेनंतर पुन्हा घडते. माणसाचे घडत नाही. तरीही २००४ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी प्रौढ मानवी डोळ्याच्या सिलिअरी भागात दृष्टिपटलाच्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, आढळल्याचे जाहीर केले. २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी हा दावा खोडला. त्या केवळ रंगद्रव्ययुक्त सामान्य पेशी होत, असे त्यांचे म्हणणे. या प्रश्नावर अद्याप एकमत नाही. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातही मूळ पेशींवर संशोधन होते. परंतु प्रयोगशाळेतील शक्यता म्हणजे उपचार नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दृष्टिपटलाच्या विकारांत मूळ पेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करणे अनैतिक आहे. दृष्टी परत मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्यास रुग्णाने प्रथम या मान्यतेविषयी विचारावे.