बुद्धीच्या औषधाला गुण किती दिवसांत येतो?



वसंत ऋतू हा आपल्याकडे जसा व्याख्यानांचा काळ, तसाच परीक्षांच्या निकालांचाही. या दिवसांत औषधांच्या दुकानात एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. स्मरणशक्ती वाढविणाऱ्या गोळ्या, मेंदूला तरतरी आणणारे सरबत, ब्राह्मीचा अर्क असे काहीतरी हाती घेऊन गिऱ्हाईक विचारते, "याचा गुण किती दिवसांत येतो?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला दिवसाच्या मजुरीतून बाटलीची किंमत काढावयाची असते, त्याने गुण कधी येणार हे विचारणे रास्तच आहे. फक्त त्याचे उत्तर बाटलीच्या वेष्टनावर मिळत नाही. ते इतिहासात मिळते.

मी डॉक्टर नव्हे आणि प्राध्यापकही नव्हे. माझी हयात कामगार संघटनेच्या कामात गेली आणि वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयात, पाळी सुटल्यावर. तेव्हा हा इतिहास मी कामगाराच्या बाजूने सांगणार, हे आधीच कबूल केलेले बरे.

प्रथम, ज्यांचा गुण घड्याळ लावून पाहता येतो अशा पदार्थांचा हिशेब करू. आपला चहा घ्या. चहा-कॉफीतील कॅफीन पोटात गेल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात अंमल दाखविते. थकव्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचविणारे अ‍ॅडेनोसीन नावाचे एक द्रव्य शरीरात साठत असते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. म्हणजे थकवा जात नाही, त्याची वर्दी तेवढी थांबते. याच्या पुढची पायरी अ‍ॅम्फेटामीन जातीच्या औषधांची. १९३०च्या दशकात अमेरिकेत ही औषधे आली तेव्हा विद्यार्थ्यांनी ती परीक्षेच्या जागरणासाठी वापरली. जर्मनीत १९३८ साली 'पर्व्हिटीन' निघाले आणि ते सैन्यात गेले. जपानमध्ये १९४१ साली 'फिलोपॉन' बाजारात आले. युद्धकाळात ते सैनिकांना दिले गेले, तसेच कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या कामगारांनाही. युद्ध संपल्यावर शिल्लक साठा बाजारात फुटला, व्यसनाची साथ पसरली आणि १९५१ साली त्या देशाला कडक कायदा करावा लागला.

आपण कामगार मंडळी या प्रकाराला चांगले ओळखतो. ही पगारावरची उचल आहे. उचल लगेच हातात पडते, यात शंका नाही. परंतु तिने पगार वाढत नाही, आणि पुढच्या महिन्यात ती कापून घेतली जातेच. जो गुण तासाभरात येतो, तो बहुधा या खात्यातला असतो.

दुसरे खाते निराळे आहे. तिथे औषध काही नवीन देत नाही. जे शरीराला मिळावयास हवे होते आणि मिळाले नाही, तेवढे परत करते. त्याचा सर्वांत बोलका इतिहास म्हणजे पेलाग्रा या रोगाचा. त्यासाठी आधी स्पेनमध्ये आणि मग अमेरिकेच्या दक्षिण भागातील सूतगिरण्यांच्या गावांत जावे लागेल.

मका हे मूळ अमेरिका खंडातले धान्य. तिथले मूळ रहिवासी मका चुन्याच्या निवळीत शिजवून मग दळत. ही रीत हजारो वर्षांची. युरोपियनांनी मका आपल्या देशी नेला, पण चुन्याची रीत मागेच राहिली. पुढे जिथे जिथे गरीब माणूस केवळ मक्यावर जगू लागला, तिथे तिथे एक विचित्र रोग दिसू लागला. १७३५ साली स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने त्याचे वर्णन केले. १७७१ साली इटलीत फ्रापोल्ली याने त्याला 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडीचा रोग, हे नाव दिले. आधी उन्हात उघडी पडणारी कातडी काळवंडून सोलते, मग पोट बिघडते, मग डोके बिघडते. झोप उडते, विसर पडतो, भ्रम होतो, माणूस आपल्या घरच्यांना ओळखीनासा होतो; आणि उपचार न झाल्यास मरतो. इटलीतील आणि पुढे अमेरिकेतील वेड्यांची इस्पितळे अशा रोग्यांनी भरली होती. त्यांची बुद्धी जन्मतःच मंद नव्हती. ती वाटेत हरवली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत हा रोग फैलावला. तेथील सूतगिरण्यांच्या गावांत कामगाराचे घर गिरणीचे, दुकानही पुष्कळदा गिरणीचेच. जेवणात मक्याचे पीठ, खारवलेल्या डुकराची चरबी आणि काकवी. दूध, अंडी, ताजे मांस परवडत नसे. हिवाळाभर असे काढल्यावर वसंतात रोग डोके वर काढी आणि जूनच्या सुमारास कळस गाठी. आपण ज्या ऋतूत व्याख्यानाला जमतो, तो त्या गावांत पेलाग्राचा हंगाम होता.

हा रोग जंतूंमुळे होतो असे पुष्कळ डॉक्टरांचे मत होते. काही जण दोष रक्ताला, म्हणजे घराण्याला देत. १९१४ साली सरकारी आरोग्य खात्याने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासासाठी पाठविले. हा गृहस्थ १८७४ साली हंगेरीच्या राज्यात जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आलेला. घरी वाण्याचे दुकान. त्याने एक साधी गोष्ट हेरली. वेड्यांच्या इस्पितळांत आणि अनाथाश्रमांत राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, पण त्यांच्या सतत सहवासात असणाऱ्या नोकरांना होत नाही. जंतू काही नोकर कोण आणि रोगी कोण हे विचारीत नाहीत. तो भेद ताटात होता. मिसिसिपीतील दोन अनाथाश्रमांत त्याने मुलांच्या आहारात दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये वाढविली. पुढच्या वर्षी तिथला पेलाग्रा जवळजवळ नाहीसा झाला.

मग त्याने उलट बाजूनेही पाहिले. १९१५ साली मिसिसिपीच्या रँकिन तुरुंगशेतीवर बारा कैदी शिक्षामाफीच्या बोलीवर प्रयोगास तयार झाले. त्यांना दक्षिणेतील गरिबांचे जेवण दिले: मका, पांढरे पीठ, तांदूळ, रताळी, काकवी. एक जण गळाला. उरलेल्या अकरांपैकी सहा जणांना पाच महिन्यांच्या आसपास पेलाग्राची लक्षणे दिसली. स्वातंत्र्याच्या मोबदल्यात माणसाची प्रकृती गहाण घेणारा हा सौदा आज कोणी मान्य करणार नाही, आणि करूही नये. परंतु त्याने सिद्ध झालेली गोष्ट खरी होती. तरीही टीकाकार गप्प बसले नाहीत, तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गरने स्वतःला, आपल्या पत्नीला आणि आणखी काही सहकाऱ्यांना पेलाग्राच्या रोग्यांचे रक्त टोचवून घेतले. पुरुषांनी तर त्याहून किळसवाणे पदार्थ गोळ्या करून गिळले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

आता जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो सांगतो. त्याच १९१६ साली गोल्डबर्गरने एडगर सायडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेतले. ('गुड अर्थ' लिहिणाऱ्या पर्ल बक यांचा हा थोरला भाऊ.) दोघांनी साउथ कॅरोलायनातील सात गिरणी-गावांत घरोघर जाऊन नोंदी केल्या: घरात मिळकत किती, खाणारी तोंडे किती, पंधरा दिवसांत काय खरेदी केले, कोणाला पेलाग्रा झाला. निष्कर्ष सरळ होता. मिळकत जसजशी वर जाते, तसतसा पेलाग्रा खाली येतो. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. मजुरी सारखीच असलेल्या गावांतही फरक होता. ज्या गावाजवळ ताजे मांस आणि शेतमाल विकत मिळे, तिथे रोग नव्हता. जिथे चहूकडे कापूसच कापूस पेरला होता आणि दुकानाशिवाय गती नव्हती, तिथे तो सर्वांत जास्त होता. पगारपत्रक आणि बाजार हे दोन कागद रोगनिदानाच्या टेबलावर ठेवणारा हा अभ्यास १९२० साली प्रसिद्ध झाला. कामगार चळवळीत काम करणाऱ्याने तो जरूर अभ्यासावा, असे मला वाटते.

उत्तर हाती आले होते. उपाय मात्र झाला नाही. १९२० साली कापसाचे भाव कोसळले, तेव्हा पेलाग्रा वाढणार असा इशारा गोल्डबर्गरने दिला आणि १९२१ साली अध्यक्ष हार्डिंग यांनी मदतीची भाषा काढली. दक्षिणेतील पुढाऱ्यांनी उलट कांगावा केला की आमच्या प्रांताची बदनामी होते, आमच्याकडे दुष्काळ नाही, मदत नको. गोल्डबर्गरने मग स्वस्त तोड शोधली. बिअर गाळताना वापरतात ते यीस्ट खाऊनही रोग बरा होतो, हे त्याने दाखविले. १९२७च्या मिसिसिपी पुरानंतर रेडक्रॉसने ते वाटले. १९२९च्या जानेवारीत तो वारला, आणि मक्यात नेमके काय कमी आहे हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही.

ते १९३७ साली कळले. विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेजेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकोटिनिक आम्लाने कुत्र्यांमधील तशाच रोगाला उतार पाडला. यातली थट्टा पाहा. हे आम्ल रसायनशास्त्रज्ञांनी १८६७ मध्येच तयार केले होते. सत्तर वर्षे ते फडताळावर पडून होते. लगेच टॉम स्पाइज आदी डॉक्टरांनी ते माणसांना दिले, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. जिभेची आग एक-दोन दिवसांत शमे. ज्यांना नुकताच भ्रम झाला होता, असे रोगी पुष्कळदा २४ ते ७२ तासांत भानावर येत आणि आपल्या माणसांना हाक मारीत. मात्र ज्यांची उणीव वर्षानुवर्षे तशीच राहिली होती, त्यांची गेलेली बुद्धी पुरती परत आली नाही. पुढे तंबाखूतील निकोटीनशी घोटाळा नको म्हणून त्या द्रव्याला 'नायसिन' हे नाव मिळाले. १९४३ साली अमेरिकेत पांढऱ्या पावात ते घालणे सक्तीचे झाले आणि पेलाग्रा जवळजवळ इतिहासजमा झाला.

म्हणजे हिशेब असा: गोळीला गुण यावयास तीन दिवस लागले. ताटातला दोष १९१५ साली सिद्ध झाला होता, तो पावातून भरून यावयास १९४३ साल उजाडले; अठ्ठावीस वर्षे. एका अंदाजानुसार १९०६ ते १९४० या काळात त्या देशात सुमारे ३० लाख लोकांना हा रोग झाला आणि सुमारे एक लाख माणसे मेली.

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी समजू नये. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या शेतमजुरांतही पेलाग्रा आढळत असे. हैदराबादच्या पोषण संशोधनशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्यावर निबंध लिहिला. ज्वारीतील ल्यूसीन या घटकाकडे त्यांनी बोट दाखविले. त्या कारणाबद्दल पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. ज्वारी वाईट, असा याचा अर्थ नव्हे. आपली भाकरी डाळ, भाजी, ताक यांच्या सोबतीने आली तर ती उत्तम. तिची सोबत ज्या घरात तुटते, तिथे रोग शिरतो. आहार पालटला तसा हा रोगही विरळ झाला.

आता तिसरे खाते: ज्याचे ताट भरलेले आहे, त्याने बुद्धी वाढावी म्हणून घेतलेली गोळी. हेच नायसिन पोटभर जेवणाऱ्याने जास्त घेतले तर त्याचा चेहरा लाल होऊन भाजल्यासारखा होतो, बुद्धी होती तेवढीच राहते. अति घेतले तर यकृतास इजा होते. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क अमेरिकेत ३,०६९ वृद्धांच्या चाचणीत सुमारे सहा वर्षे तपासला गेला. त्याने स्मृतिभ्रंश टळत नाही, असा निकाल २००८ साली जाहीर झाला. आपल्या ब्राह्मीच्या काही छोट्या चाचण्यांत बारा आठवडे नेमाने घेतल्यावर स्मरणात थोडा लाभ दिसला आहे. पण बारा आठवडे आणि थोडा! परीक्षेच्या आदल्या रात्री घेऊन तो मिळेल, अशी आशा धरू नये.

तेव्हा दुकानात तो प्रश्न पुन्हा कानी आला, तर त्याआधी दुसरा प्रश्न विचारा: उणीव कशाची आहे? ब-१२ जीवनसत्त्वाचेच पाहा. शाकाहारी लोकांत ते कमी असणे आपल्याकडे सर्रास आढळते, आणि त्याने विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या असे त्रास होतात. रक्त तपासून डॉक्टरांनी उणीव सांगितली, तर उपचाराचा परिणाम रक्तात आठवड्याभरात दिसू लागतो. मज्जातंतूंना मात्र महिने लागतात आणि फार उशीर झाला तर झालेले नुकसान राहून जाते. उणीव असेल तर औषधाला गुण येतो, आणि किती लवकर येतो हे ती उणीव किती जुनी आहे यावर ठरते. उणीव नसेल तर आपण बाटलीच्या वेष्टनाचे पैसे देतो. आणि गुण तासाभरात येत असेल, तर ती उचल आहे. ती फेडावयाची कशी, याचा विचार आधी करावा.

कामगाराच्या मुलाच्या डोक्यात अभ्यास शिरत नाही, अशी तक्रार घेऊन पालक माझ्याकडेही येतात. मी त्यांना त्या सात गावांतले दोनच प्रश्न विचारतो: घरात महिन्याला येते किती, आणि त्यात दूध, डाळ, भाजी, अंडे किती बसते? मुलाची झोप किती, हा तिसरा प्रश्न मी माझ्या पदरचा घालतो. त्यांची उत्तरे ऐकल्यावर पुष्कळदा औषधाचे नाव काढण्याची पाळी येत नाही. मजुरीच्या कराराचे नाव काढावे लागते. ते औषध तीन दिवसांत लागू पडत नाही, हे मी अनुभवाने जाणतो. पण अठ्ठावीस वर्षे लावावयाची की नाही, हे आपल्या हाती आहे.