वाहनांचे पार्किंग दिवे व मागील दिवे

वाहनांचे पार्किंग दिवे व मागील दिवे : अंधारात वाहनाचे अस्तित्व व त्याची रुंदी इतरांना कळावी म्हणून बसविलेले मंद दिवे. पुढील दिवे पांढरे वा पिवळसर आणि मागील तांबडे असतात.

इतिहास : प्रारंभीच्या मोटारगाड्यांवर तेलाचे व नंतर ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांची विद्युत् आरंभक व दिवे यांची एकत्रित योजना आली आणि विजेच्या दिव्यांचा प्रसार झाला. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व पुढे मुंबईतील कुर्ला येथे मोटारनिर्मिती सुरू झाली. ६ व्होल्टच्या घटमालेची जागा पुढे मोटारींत १२ व्होल्टच्या, तर अनेक अवजड वाहनांत २४ व्होल्टच्या घटमालेने घेतली.

कार्य : घटमालेच्या धन अग्रापासून निघालेला प्रवाह वितळतार व स्विच यांतून दिव्याकडे जातो आणि वाहनाच्या लोखंडी सांगाड्यातून ऋण अग्राकडे परततो. दिवे समांतर जोडलेले असल्याने एक बिघडला तरी इतर चालू राहतात. बहुतेक वाहनांत हे मंडल प्रज्वलन स्विचावर अवलंबून नसते. त्यामुळे एंजिन बंद असतानाही दिवे पेटते ठेवता येतात. ५ वॉटचे चार दिवे १२ व्होल्टवर सु. १·७ अँपिअर प्रवाह घेतात. मागील दिव्याच्या एकाच काचगोळ्यात पुष्कळदा ५ वॉटचा तंतू मागील दिव्यासाठी व २१ वॉटचा गतिरोधकाच्या इशाऱ्यासाठी असतो. सांगाड्याशी असलेली त्यांची सामाईक जोडणी गंजल्यास प्रवाह दुसऱ्या तंतूतून वाट काढतो व दोन्ही तंतू मंद जळतात. अलीकडील प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांना (एलईडी) याहून पुष्कळच कमी शक्ती पुरते.

नियम व उपयोग : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मागील तांबडा दिवा १५५ मी. अंतरावरून दिसावा लागतो आणि मोटारसायकलीसारखे अपवाद वगळता वाहन रस्त्यावर उभे असतानाही पार्किंग दिवे पेटते राहावे लागतात. या तरतुदीचे महत्त्व पुणे–सोलापूर महामार्गावरील मोडनिंब (ता. माढा) येथे सहज ध्यानात येते. उसाच्या हंगामात या भागातील रस्त्यांवर बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रीही चालतात. ट्रॉलीच्या दिव्यांना वीज ट्रॅक्टरकडूनच मिळते. जोडकेबल तुटली किंवा परतीची तार नसल्याने प्रवाह केवळ जोडकडीच्या धुळकट सांध्यावर विसंबला, तर ट्रॉली अंधारात जाते. ताशी ८० किमी. वेगाने येणारे वाहन १५५ मी. अंतर सु. ७ सेकंदांत कापते. दिवा पेटता असल्यास चालकाला एवढा अवधी मिळतो. नसल्यास ट्रॉली त्याच्या दिव्यांच्या झोतात येईपर्यंत दिसत नाही. बैलगाडीस घटमाला नसते. तिच्या मागे लावलेला तांबडा परावर्तक मागून येणाऱ्याच्याच प्रकाशावर चमकतो. ट्रॉलीवरही परावर्तक असावा, कारण विद्युत् मंडल बंद पडले तरी तो निकामी होत नाही.