‘बाजी’मागचा शब्द

सेवाग्रामचा इतिहास सांगताना आपण बलराज साहनींना सहसा विसरतो. 1938च्या सुमारास ते येथे ‘नई तालीम’च्या कामात होते, पुढे ‘बाजी’ (1951) त्यांनीच लिहिला. हा चित्रपट म्हणजे मुळात एका वचनाची फेड. पुण्याच्या प्रभातमध्ये उमेदवारी करताना देव आनंद व गुरुदत्त यांनी एकमेकांना शब्द दिला होता : देव निर्माता झाल्यास दिग्दर्शन गुरुदत्तचे, गुरुदत्तने चित्रपट काढल्यास नायक देव. नवकेतनच्या ‘बाजी’ने देवला (त्याच्या हातातल्या सिगारेटसह!) तारा केले, गुरुदत्तला दिग्दर्शक. ‘सी.आय.डी.’त (1956) निर्माता गुरुदत्तने नायक देवलाच घेतले, दिग्दर्शन मात्र राज खोसलांकडे सोपविले. आमच्या मते शब्द येथे मोडला नाही, सैल झाला. पुढच्याच वर्षी ‘प्यासा’त प्रभातमधला तिसरा सोबती रहमान होता, देव नव्हता.