वाढत्या अंगाचं

माझ्या आयुष्यात सदरा मला अगदी बरोबर बसला, असे एकंदर तीनच आठवडे असतील. लहानपणी वडील शिंप्याला माप घेऊच देत नसत. तो गळ्यातली टेप काढायला लागला की म्हणायचे, "माप राहू द्या. वाढत्या अंगाचं शिवा." त्यामुळे दिवाळीत शिवलेला सदरा माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा. पुढच्या दिवाळीला मांडीपर्यंत. तिसऱ्या वर्षी श्रावणात केव्हा तरी तो बरोबर बसायचा, आणि नेमका तेव्हाच कोपरावर फाटायचा. मग ठिगळ लावून तो धाकट्या भावाकडे जायचा. त्याच्या तो पुन्हा गुडघ्यापर्यंत!

आमचा बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरात निजामाच्या राज्यातून सुटला, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. एवढी राज्यं बदलली, पण आमच्या सदऱ्याचं धोरण काही बदललं नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमची नात. चिरंजीव जर्मनीत नोकरीला आहेत. तिकडेच कन्यारत्न झालं. फोनवर पोरीचं ध्यान बघून आमच्या हिचा जीव वरखाली. पोर तीन महिन्यांची होती तेव्हा ही मला बाजारात घेऊन गेली आणि फोटोतल्या पोरीला शोभेल असा लाल खणाचा परकर-पोलका आम्ही शिवून घेतला. म्युनिकला जाणारं ओळखीचं माणूस मिळेपर्यंत दोन महिने गेले. सुनेनं तो कपडा कौतुकानं पोरीच्या डोक्यातून घातला, आणि तो तिथेच अडकला. आत पोर रडतेय, बाहेर सून हसतेय, आणि चिरंजीव विचारताहेत, "बाबा, तुम्ही बासष्ट घेतला होता की अडुसष्ट?"

मला वाटलं, हा बसचा नंबर विचारतोय.

नंतर कळलं, की युरोपात बाळाचा कपडा बाळाच्या उंचीवर ठरतो. ५६, ६२, ६८, ७४ असे सहा-सहा सेंटिमीटरचे टप्पे. मी पडलो जन्मभर इतिहासाचा मास्तर. पराभव झाला की आधी त्याची कारणमीमांसा लिहायची, ही जुनी सवय. म्हणून बसलो शोधत.

शोधताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आमच्या आजीच्या बाळंतविड्यात 'माप' हा शब्दच नव्हता. अंगडं, टोपडं, कुंची, दुपटं आणि लंगोट. लंगोट म्हणजे त्रिकोणी फडकं. बाळ वाढलं की गाठ सैल. दुपटं म्हणजे चौकोनी फडकं; बाळ वाढलं की एक घडी कमी. अंगड्याला गुंडी नाही, बंद. पोट वाढलं की बंद ढिला. परकराला खाली दोन टिपा घातलेल्या असायच्या. मुलगी उंच झाली की एक टीप उसवायची. परकर तीन बोटं लांब. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग गडद पट्ट्यासारखा दिसायचा. झाडाच्या खोडावरून वय मोजतात तसं आमच्या आत्याचं वय तिच्या परकराच्या पट्ट्यांवरून मोजता यायचं. शिवाय बाळाचे पहिले कपडे नवे नसतच. आजोबांचं धोतर किंवा आजीचं लुगडं धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालं, की त्यातून ते निघायचे. नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं, एवढं शास्त्र त्यांना पुरेसं होतं.

युरोपात तेव्हा उलटा प्रकार. तिकडे तान्ह्या पोराला पट्ट्यांनी गुंडाळून ममीसारखं घट्ट बांधत. १७४८ साली विल्यम कॅडोगन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं एक पुस्तिका लिहून सांगितलं, की बाबांनो, पोरांना सोडा, सैल कपडे घाला. वाढत्या अंगाचं शिवा, असं म्हणायला त्याच्याजवळ शब्द नव्हता, एवढाच फरक. पुढे शिलाई मशीन आलं, कारखाने आले, तयार कपडे आले. आणि कारखान्याला 'थोडं सैल ठेवा' कळत नाही, त्याला आकडा लागतो. तिथून हे महिन्यांचे आणि सेंटिमीटरचे आकडे बाळाच्या गळ्याशी चिकटले.

आपल्याकडे वीत होती, हात होता, वार होता. १९५६ साली मापांचा कायदा झाला, पुढे टप्प्याटप्प्यानं मीटर आला. कापडदुकानदारानं मीटर घेतला, पण आमच्या शिंप्याची टेप अजून इंचच बोलते. बाकी कापडाच्या बाबतीत आमच्या जिल्ह्यानं मापाची पर्वा कधी केलीच नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड, त्यावर त्यांनी 'पंचीकरण' लिहून काढलं. सोळाव्या शतकातल्या त्या सत्पुरुषानं कागदाचा आकार विषयाला पुरायचा नाही हे आधीच ओळखलं होतं. पासोडीसुद्धा वाढत्या अंगाचीच!

आणि बाळाची वाढ तरी केवढी! जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर असलेलं पोर वर्षात ७५ होतं. वजन पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट. मी साडेपाच फुटांचा आहे. या वेगानं मी वर्षभर वाढलो तर सव्वाआठ फूट होईन, आणि वजनाचा हिशेब मी हिला सांगितला नाही. असल्या झपाट्यापुढे दुकानदाराच्या '३ ते ६ महिने' या चिठ्ठीचा काय पाड लागणार? त्यात चिठ्ठीवरचं वय कुठल्या देशातल्या पोराचं, तेही लिहिलेलं नसतं. भारतीयांच्या अंगाची मापं घेऊन आपला स्वतःचा तक्ता करण्याचा सरकारी प्रकल्प २०१८ साली जाहीर झाला, पण त्यात माणसं घ्यायची ठरली १५ ते ६५ वर्षांची. म्हणजे वाढायची थांबलेली, निदान उंचीनं!

गंमत पुढेच आहे. लंडनमध्ये रायन यासीन नावाच्या तरुणानं डेन्मार्कमधल्या नात्यातल्या बाळाला कपडे पाठवले, आणि ते पोचेपर्यंत बाळ त्यांत मावेना. हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण तो पडला विमानविद्या शिकलेला. त्यानं चुण्याचुण्यांचा, बाळाबरोबर लांबणारा कपडा बनवला आणि २०१७ साली ब्रिटनमधला जेम्स डायसन पुरस्कार मिळवला. आमच्या आजीला दोन टिपांबद्दल कोणी सुपारीचं खांडही दिलं नाही.

एवढा अभ्यास झाल्यावर मी दसऱ्याच्या आधी पुन्हा बाजारात गेलो. या दिवसांत आमच्याकडचा बाजार फुललेला असतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांची खरेदी असते. मुकादमाची उचल हातात आलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात. दुकानात एक पोरसवदा बाई बसली होती. तिच्यासमोर एकाच छापाचे तीन फ्रॉक, लहान, मध्यम, मोठा असे मांडलेले. मला राहवेना. मी म्हटलं, "बाई, तीन पोरी आहेत का तुम्हाला?"

"न्हाई गुरुजी. एकच हाय. आठ म्हयन्याची. सासूपाशी ठिवून चाललेय."

मग तिनं मनगटाचा दोरा सोडला. पोरीच्या छातीभोवती धरून आणलेला तो दोरा. एक गाठ मापाची, तिच्यापुढे चार बोटांवर दुसरी, आणखी चार बोटांवर तिसरी. लहान फ्रॉक आत्ताचा, मधला संक्रांतीचा, मोठा पाडव्याचा. मी तिला सहा सेंटिमीटरच्या टप्प्यांबद्दल सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"अंदाज बरा आहे तुमचा," मी म्हटलं.

"पयल्या पोराच्या टायमाला चुकला व्हता," ती म्हणाली. "हंगाम संपला तवा कारखान्याच्या बाजारातून अंगी आनली. डोळ्यापुढं पोरगं तेवढंच व्हतं ना, सोडून गेलो तेवढं. घरी आल्यावर अंगी काय हातातून वर सरकंना. लेकरू काय आपल्यासाठी थांबतंय व्हय गुरुजी?"

दुकानदार तिच्या तीन फ्रॉकांचं बिल करत होता. ती एकेका फ्रॉकाची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघत होती. मधल्या फ्रॉकवर तिचा हात जरा जास्त वेळ राहिला. तो घातलेली पोर तिला दिसणार नव्हती.

मी काही न घेताच घरी आलो. हिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपण फोटोतल्या पोरीचं माप घेतलं."

त्या रात्री फोनवर सुनेला सांगितलं, पोरीच्या छातीभोवती दोरा धर आणि तो पट्टीवर मोजून आकडा कळव. ती म्हणाली, "बाबा, टेप आहे घरात." मी म्हटलं, "दोराच धर." हिनं त्या आकड्याचा दोरा कापला, चार बोटांवर गाठ मारली, थोडा विचार केला आणि आणखी चार बोटांवर दुसरी मारली. चिरंजीव मे महिन्यात येणार आहेत. शिंप्याकडे मी स्वतः गेलो. त्यानं टेप काढली. मी दोरा पुढे केला आणि म्हटलं, "माप राहू द्या."

पार्सल पोचलं. फोटो आला. परकर पोरीच्या पायांखाली दोन वेटोळी घालून पसरलेला, पोलक्याच्या बाहीतून बोटंसुद्धा दिसत नाहीत, आणि मधोमध आमची नात, पासोडी पांघरल्यासारखी. खाली सुनेनं लिहिलं होतं, "बाबा, फारच मोठा झाला हो!"

मी हिला वाचून दाखवलं. चष्मा पुसत ही म्हणाली, "होऊ दे. मेमध्ये मी बघीन ना, तेव्हा बसेल."