लग्नपत्रिकेवरचा सेन्सॉर

मानवी हक्कांचा अभ्यास म्हटला की १० डिसेंबर १९४८चा जाहीरनामा उघडायचा आणि कलमे पाठ करायची, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे. जाहीरनामा वाचायलाच हवा. पण या विषयात नव्याने येणाऱ्याला मी आधी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळातली, पोर्तुगीज राजवटीखालच्या गोव्यातली लग्नपत्रिका दाखवीन. कुलदेवतेचे नाव, मुहूर्त, अगत्य येण्याची विनंती. एवढा मजकूरही छापण्याआधी सेन्सॉरच्या नजरेखालून जायचा. त्यात राजद्रोह सापडेल असे सरकारलाही वाटत नसावे. मात्र साध्या कामालाही परवानगी लागते, हे डिचोलीच्या बाजारापासून पेडण्याच्या वाड्यांपर्यंत प्रत्येकाच्या अंगवळणी पडले, की माणूस लेखणी उचलण्याआधीच कचरतो.

बंदूकही होतीच. १५ ऑगस्ट १९५५ला पेडण्यातल्या पत्रादेवीला गोवा मुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. पंजाबहून आलेला कर्नेलसिंग तिथेच पडला. त्याच काळात गोव्यातल्या कोठड्यांत छळासाठी कुप्रसिद्ध झालेला पोलीस काझिमिरो मोंतेरो पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत दिसतो. १९६५मध्ये सालाझारचे विरोधक जनरल देल्गादो यांचा खून झाला, त्यात पोर्तुगीज न्यायालयाने त्याला गैरहजेरीत दोषी ठरवले. जुलमालाही उमेदवारी करावी लागते. या गृहस्थाने ती आपल्याकडे केली. म्हणून गोव्याचा हा इतिहास ‘स्थानिक’ म्हणून बाजूला सारणारे अभ्यासक मला पटत नाहीत.

१९६१च्या मेमध्ये ब्रिटिश वकील पीटर बेनेन्सन यांनी विस्मृतीत गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला आणि त्यातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्क संघटना उभी राहिली. त्या कैद्यांत अंगोलाचे कवी आगोस्तिन्यो नेतो होते, म्हणजे सालाझारचेच बंदी. गोवा त्याच वर्षी डिसेंबरात मुक्त झाला. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे मात्र १९६९पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले.

पण मुक्तीच्या तारखेपाशी वही मिटू नका. डिचोली तालुक्यातल्या मयेची जमीन १९६४च्या कायद्याने ‘स्थलांतरितांची मालमत्ता’ म्हणून सरकारच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्यांना राहत्या घराचा हक्क मिळेना. जुन्या मालकांची मालकी रद्द करणारा कायदा आला २०१४मध्ये. हे तर लोकशाहीतले प्रकरण, ते इथे कशाला, असे कोणी विचारील. मी ते मुद्दाम घेतो. मयेत गेलात तर कुणाच्याही ओसरीवर बसून जमिनीच्या हक्काच्या सनदेचा विषय काढा. तासभर तरी सुटका नाही.